दोन्ही नाकपुड्यांनी

मिरजोळ्याच्या एमआयडीसीतून घरी येताना माझी स्कूटर रस्त्याकडेच्या गडग्यावर जाऊन धडकली, तेव्हा लख्ख ऊन होतं, रस्ता मोकळा होता आणि समोरून कुणीही येत नव्हतं. गडग्याचे वरचे जांभ्याचे दगड निसटून पुढच्या चाकावर पडले आणि मी बाजूच्या वाळक्या गवतात. कोपर सोलवटलं, चष्म्याची काडी तुटली. पलीकडच्या कलमांच्या बागेत काम करणारं एक जोडपं धावत आलं. बाईनं मला उठवून सावलीत बसवलं, पाणी पाजलं. तिच्या नवऱ्यानं स्कूटर उभी केली.

"ऊन लागला असंल हो तुम्हाला," ती म्हणाली. "चक्कर आली ना?"

मी मान डोलावली. पण चक्कर आली नव्हती. मला झोप लागली होती. हातात हँडल, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांसमोर भर दुपारचा रस्ता, आणि मी झोपले होते. ज्या क्षणी चाक दगडाला लागलं त्या क्षणी जाग आली, एवढंच.

संध्याकाळी मी नवऱ्याला खरं काय झालं ते सांगितलं. तो हायस्कूलात गणित शिकवतो. ऐकून घेतल्यावर त्यानं माझ्या कोपराची पट्टी नीट बसवली. मग म्हणाला, "उद्यापासून तू स्कूटर चालवायची नाहीस. आणि आपण डॉक्टरकडे जायचं. या वेळी नीट जायचं."

नीट जायचं असं तो म्हणाला, कारण आधी आम्ही गेलो नव्हतो असं नाही. मी आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या एका कारखान्यात पॅकिंग विभाग बघते. आता पन्नाशीला टेकले आहे. त्याआधीची कितीतरी वर्षं मला सारखी झोप यायची. सकाळी उठले की डोकं जड, तोंड कोरडं पडलेलं, जणू रात्रभर कुणीतरी उशाशी बसून माझ्या कपाळावर वरवंटा ठेवला होता. हंगामात मशीनच्या खडखडाटात, डब्यांच्या रांगेजवळ उभी असतानाही माझे डोळे मिटायचे. मीटिंगमध्ये तर साहेब बोलत असताना माझी मान पुढे पडायची. पॅकिंगच्या मुली मला पाठीमागे 'डुलकी मॅडम' म्हणत, हे मला माहीत होतं. कुणी म्हणे रक्त कमी आहे, कुणी म्हणे वयच तसं आहे, कुणी म्हणे वजन कमी कर. लोहाच्या गोळ्या झाल्या, साखर तपासून झाली, थायरॉइड झालं. काहीच सापडायचं नाही. मग मीच स्वतःला आळशी ठरवून टाकलं.

आणि मी घोरायचे. त्याबद्दल मात्र कुठल्याच डॉक्टरशी कधी बोलले नव्हते. पुरुष घोरला तर बिचारा दमलाय म्हणतात, बाई घोरली तर हसतात. नवरा कधी हसला नाही, पण लेक लहान होती तेव्हापासून तो बाहेरच्या खोलीत झोपायला लागला होता, आणि आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नव्हतो.

माझं सासर नाटे. राजापूर तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव. मोठे दीर तिथंच असतात, त्यांची मासेमारीची लाँच आहे. काही वर्षांपूर्वी तिथं एका बारशाला गेले होते. आम्ही सगळ्या बायका माजघरात ओळीनं चटया टाकून झोपलो होतो. सकाळी उठले तर पडवीत खसखस चाललेली. मी आले तशी थांबली. दुपारपर्यंत काय ते कळलं नाही. रत्नागिरीला परत येताना एसटीत बसून मोबाइल उघडला, तर घरच्या ग्रुपवर कुणीतरी रात्रीचं रेकॉर्डिंग टाकलेलं, खाली हसण्याच्या तोंडांची रांग. मी कानाशी धरून ऐकलं. स्वतःचं घोरणं आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. लाज तर वाटलीच, कान तापले. पण त्याहून वेगळं काहीतरी मला त्यात ऐकू आलं. आवाज, आवाज, आवाज, आणि मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही की मला वाटलं रेकॉर्डिंग संपलं. मग बुडालेलं माणूस पाण्यावर यावं तसा एक मोठा हिसका. परत आवाज.

मी ग्रुपमधून बाहेर पडले नाही, कुणाला काही बोलले नाही. पण त्यानंतर नाटेला गेले तरी मुक्काम केला नाही. गणपतीत, शिमग्यात, कुठल्याही कार्याला सकाळी जायची आणि शेवटच्या गाडीनं परत यायची. माहेरी, मैत्रिणींच्या सहलीला, लेकीच्या पुण्याच्या खोलीवर, कुठंच रात्री राहायची नाही. जाऊबाई रागवायच्या. "आमचं घर तुला आता बरं वाटत नाही गो," म्हणायच्या. मी हसून विषय बदलायची.

स्कूटर धडकली त्याच आठवड्यात आम्ही छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. मध्यमवयीन, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी दिवसाच्या झोपेबद्दल विचारलं, सकाळच्या डोकेदुखीबद्दल विचारलं. मग विचारलं, "घोरता का?"

नवरा खाकरला. "म्हणजे तसं..."

मी पर्समधून मोबाइल काढला, ते जुनं रेकॉर्डिंग शोधलं आणि टेबलावर ठेवून सुरू केलं. दवाखान्यातली ती छोटी खोली माझ्या आवाजानं भरून गेली. नवऱ्यानं मान खाली घातली. डॉक्टर हसले नाहीत. आवाज थांबला तसं त्यांनी बोट वर केलं आणि हिसका येईपर्यंत तसंच धरून ठेवलं.

"हे मधे जे शांत होतंय ना," ते म्हणाले, "तिथं तुमचा श्वास थांबतोय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि हवेचा रस्ता बंद होतो. शरीरातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून जागा होतो, रस्ता उघडतो. पुन्हा झोप, पुन्हा बंद. रात्रभर हेच. त्यांनी एक छोटं यंत्र दिलं. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाखाली नळी लावून घरीच एक रात्र झोपायचं. त्याचा अहवाल आल्यावर त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. स्लीप ॲप्निया, आणि तो चांगलाच बळावलेला.

"तुम्हाला वाटतं तुम्ही रात्रभर झोपता," ते म्हणाले. "तुम्ही रात्रभर उठताय."

हे ऐकून मला रडूच आलं. दुःखाचं नव्हे. मी आळशी नव्हते.

उपाय म्हणून एक मशीन आलं. उशाशी ठेवायचं, त्यातून एक नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. मशीन दाबानं हवा आत सोडत राहतं आणि घसा मिटू देत नाही. ऐकायला सोपं. पण मी मास्क लावून आडवी झाले की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं व्हायचं. हवा नाकापर्यंत यायची आणि तिथंच अडायची. तोंड उघडायचं, तोंडातून वारा सुटायचा, घसा वाळवंट व्हायचा. मी मास्क ओरबाडून काढायची. मग नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क आणला. तो तर त्याहून वाईट, कडेनं हवा फुसफुसायची आणि थेट डोळ्यांत जायची.

"सवय होईल गो. सगळ्यांना होते," नवरा म्हणायचा.

"तूच लावून बघ!" एकदा वैतागून मी म्हटलं.

त्यानं खरंच लावला. आडवा झाला, हात छातीवर ठेवले. मी वाट बघत होते की आता हा उठेल, आता फेकून देईल. थोड्या वेळानं बघते तर स्वारी गाढ झोपलेली. उठवल्यावर मास्क बाजूला करून म्हणाला, "छान वारा येतो की." मी ते मशीन साड्यांच्या कपाटात खाली ढकललं आणि दार लावून टाकलं.

छातीच्या डॉक्टरांना हे सांगायला गेले तेव्हा वाटलं होतं, ते रागवतील. ते म्हणाले, "नाकानं श्वास घेता येतो ना तुम्हाला?"

"म्हणजे काय! येतो की."

"डावी नाकपुडी बोटानं बंद करा. आता घ्या."

मी श्वास ओढला. काहीच आलं नाही. जोरात ओढला. भिंतीला तोंड लावून फुंकर मारावी तसं. दुसऱ्या बाजूनं करून बघितलं तर थोडीशी हवा, शिट्टीसारखी. मी डॉक्टरांकडे बघितलं. एवढ्या वर्षांत मला कधी कळलंच नव्हतं. सगळे असाच श्वास घेतात, असंच मी धरून चालले होते.

त्यांनी मला नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे पाठवलं. या बाई होत्या, वयानं माझ्याहून लहान, बोलायला रोखठोक. नाकात दुर्बीण घालून त्यांनी समोरच्या पडद्यावर मला माझंच नाक आतून दाखवलं. मधला पडदा, जो सरळ असायला हवा, तो उजवीकडे पार वाकून भिंतीला टेकला होता. डावीकडे रिकाम्या जागेत मांस फुगून बसलं होतं.

"लहानपणी नाकावर पडला होतात का?"

मी नाही म्हणणार होते, तेवढ्यात आठवलं. माझं माहेर आत, डोंगराकडच्या गावात. चौथी-पाचवीत असताना मी काजूच्या झाडावरून तोंडघशी खाली कातळावर पडले होते. नाकातून खूप रक्त आलं होतं. आईनं हळद दाबून धरली, शेजारच्या काकूंनी कांदा फोडून हुंगवला. सूज उतरल्यावर सगळ्यांनी वाकून वाकून बघितलं. नाक बाहेरून सरळ होतं. मुलीचं नाक सरळ राहिलं, लग्नाला अडचण नको, म्हणून आईनं देवाला नारळ ठेवला. आत काय झालं, ते कोण बघणार होतं?

"हे हाड सरळ करायचं आणि हे वाढलेलं मांस कमी करायचं," डॉक्टर बाई म्हणाल्या. "पण एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. या ऑपरेशननं तुमचा झोपेचा आजार जाणार नाही. आजार घशात आहे. मी नाकातला रस्ता मोकळा करणार, मशीनची हवा आत जायला."

"आणि घोरणं?" मी विचारलं.

"कमी होईल कदाचित. थांबेल असं वचन मी देणार नाही."

गणिताच्या माणसाला हे पटेना. "म्हणजे ऑपरेशन करूनही मशीन लागणारच?"

"लागणारच," त्या म्हणाल्या. "पण आता ते कपाटात आहे. मग ते नाकावर असेल."

जाऊबाईंना फोनवर सांगितलं तर त्या किंचाळल्याच. "ह्या वयात नाक कशाला कापून घेतेस गो!"

"वहिनी, ते तर केव्हाच कापलं गेलंय," मी म्हटलं. पलीकडे त्यांचा सूर उतरला. मग हळूच म्हणाल्या, "बघ बाई, तुला काय ते कळतंय."

आंब्याचा हंगाम संपला, कारखान्यातली धावपळ आटपली, आणि आषाढात मी दवाखान्यात भरती झाले. भीती नाकाची नव्हती, भूल देण्याची होती. झोपेत श्वास थांबतो अशा बाईला मुद्दाम झोपवायचं म्हणजे काय! भूलतज्ज्ञांनी माझा सगळा अहवाल आधीच वाचला होता. "तुमचा श्वास आम्ही मोजत बसणार आहोत, तुम्ही निवांत झोपा," ते म्हणाले. ऑपरेशननंतर रात्रभर बोटाला चिमटा लावून मला नजरेखाली ठेवलं. शुद्धीवर आले तेव्हा दोन्ही नाकपुड्या गच्च भरलेल्या, वरून पट्टी, तोंडानं श्वास, घशात रक्ताची चव. लेक पुण्याहून आली होती. ती चमच्यानं पेज भरवत होती आणि मी हसायला लागले की "आई, हसू नको, टाके आहेत" म्हणून दटावत होती.

नाकातलं भरलेलं काढलं, त्या दिवशी एक श्वास असा आत गेला की मला घेरी आल्यासारखं झालं. गार हवा थेट डोक्यात शिरली. पण ते सुख घटकाभराचंच. सूज आली, नाक पुन्हा चोंदलं. मिठाच्या कोमट पाण्यानं धुवा, शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवा, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. मी सगळं करत होते. खपल्या पडत होत्या, पाणी वाहत होतं, आणि मी अजून घोरत होते.

"आवाज तसाच आहे गो," एके सकाळी नवरा चहा देताना म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर एवढी निराशा होती की मलाच त्याची समजूत घालावी लागली. "डॉक्टर बाईंनी आधीच सांगितलं होतं," मी म्हटलं. पण माझ्या मनातही आशा होतीच. आपलं प्रकरण वेगळं निघेल, मशीन फेकून देता येईल, असं चोरून वाटत होतं. शेजारणी येऊन विचारायच्या, "झालं का घोरणं बंद?" मी नाही म्हटलं की "अरे देवा" म्हणून माझ्या नाकाकडे बघायच्या, जणू कुणीतरी ते फुकटच चिरलं होतं. तो आषाढ मी जरा खचूनच काढला.

मग एका तपासणीला डॉक्टर बाईंनी दुर्बीण घालून बघितलं आणि पडदा माझ्याकडे फिरवला. मधोमध सरळ भिंत, दोन्हीकडे मोकळी वाट. "आता कपाट उघडा," त्या म्हणाल्या. छातीच्या डॉक्टरांनी मशीनची हवा थोडी मंद करून दिली. नाक उघडं असल्यावर एवढ्या जोराची गरज नाही, म्हणाले.

मास्क मी पहिल्यांदा रात्री नाही, रविवारी दुपारी लावून बघितला. खिडकी उघडी, बाहेर उजेड, नवरा शेजारी खुर्चीत वह्या तपासत बसलेला. मास्क नाकावर बसवला, पट्टा ओढला, डोळे मिटले आणि छातीवर बसणाऱ्या त्या कुणाची तरी वाट बघू लागले. तो आलाच नाही. हवा आली. उजवीकडून आली, डावीकडून आली, आवाज न करता घशातून खाली उतरली. मी सोडली, पुन्हा आली. तोंड आपोआप मिटलेलंच राहिलं. मी डोळे उघडून नवऱ्याकडे बघितलं. त्यानं भुवयांनीच विचारलं, काय? मी अंगठा वर केला.

त्या रात्री मी झोपले. सकाळी डोळे उघडले तर नवरा दारात उभा, केस विस्कटलेले, डोळे लाल.

"काय झालं?" मी मास्क काढत विचारलं.

"काय व्हायचंय? आवाजच नाही! सारखा येऊन बघत होतो, श्वास चाललाय ना. तू मस्त झोपलेलीस आणि मी जागा."

मला हसू आलं, आणि हसता हसता लक्षात आलं की डोकं दुखत नाहीये. कपाळ हलकं होतं. तोंड ओलं होतं. मला एक लांबलचक स्वप्न पडलं होतं, त्यात काय होतं ते आठवत नव्हतं, पण किती वर्षांनी स्वप्न पडलं होतं! शेजारच्या घरात कुणीतरी सुकट भाजत होतं. मी तो वास दोन्ही नाकपुड्यांनी ओढून घेतला. सुकटीच्या वासानं डोळ्यांत पाणी आलेली माझ्यासारखी बाई रत्नागिरीत दुसरी नसेल.

त्यानंतरचे दिवस मी कसे सांगू! सगळं एकदम नाही बदललं. काही रात्री मास्क सरकायचा, गालावर वळ उठायचे. पण गणपती येईपर्यंत मी दुपारी जागी राहायला लागले होते. कारखान्यात साहेबांच्या मीटिंगमध्ये मी शेवटपर्यंत सरळ बसले आणि मधेच त्यांची एक चूकही दाखवून दिली. पॅकिंगच्या मुलींपैकी एक म्हणाली, "मॅडम, तुम्ही आता डब्याचं झाकण वाकडं असलेलं लांबूनच धरताय, आमचं काय खरं नाही." छातीच्या डॉक्टरांनी मशीनमधली नोंद बघून, समाधान झाल्यावरच स्कूटरला परवानगी दिली. त्या दिवशी नवरा स्वतःच्या गाडीवरून माझ्या मागे मागे मिरजोळ्यापर्यंत आला. मी आरशात त्याला बघत होते आणि मुद्दाम जरा वेग वाढवत होते.

थंडीत पुतणीचं लग्न ठरलं. नाटेच्या घरी, दारात मांडव घालून. जाऊबाईंचा फोन आला. "तू राहणार नाहीस ते मला माहीत आहे. पण हळदीला तरी लवकर ये. मी एकटी काय काय बघू?"

"वहिनी, मी आदल्या दिवशीच येते. लग्न उरकेपर्यंत राहणार आहे."

"खरं सांगतेस?"

"खरं. मशीन घेऊन येते."

नाटेला पोचले तेव्हा अंगण पाहुण्यांनी भरलेलं होतं. माझ्या बॅगेकडे बघून कुणी विचारलं, हे काय, लग्नात काय देणार आहेस? मी लपवलं नाही. माजघरात बायकांसमोर मशीन काढलं, नळी जोडून दाखवली, नाकाचं ऑपरेशन कसं झालं ते सांगितलं. आधी दोघी-तिघी ऐकत होत्या, मग सगळ्याच जवळ सरकल्या. "माझे हे पण असेच थांबतात हो मधेच," एक जण कुजबुजली. दुसरी म्हणाली, "आणि सकाळी डोकं दुखतं, ते ह्यामुळं?" भाजी चिरायची राहिली आणि माझंच व्याख्यान झालं.

जेवणं चालू असताना दिरांनी मांडवाची रोषणाई सुरू करायला सांगितली. माळा लागल्या, अंगण उजळलं, सगळ्यांनी एकच ओरडा केला आणि त्याच क्षणी रस्त्याकडून फाट्दिशी आवाज आला. विजेचा डीपी उडाला. आख्खी वाडी अंधारात. वायरमनला फोन लागला, तर तो म्हणाला आता सकाळीच येतो.

लोकांनी बॅटऱ्या काढल्या, मेणबत्त्या आल्या. मी मात्र माजघरात मशीनशेजारी बसून राहिले. वीज नाही तर मशीन नाही. नवरा माझ्याकडे बघत होता. "आपण राजापूरला लॉजवर जाऊया का?" त्यानं हळूच विचारलं. मी उत्तर द्यायच्या आतच दीर आत आले.

"काय झालं गो? तोंड का पाडून बसलीस?"

नवऱ्यानं सांगितलं. दीर खाली वाकले, मशीन उचलून उलटं केलं, मागचे आकडे टॉर्चच्या उजेडात वाचले. "एवढंसं तर खातंय," ते म्हणाले. "आमच्या लाँचवर जीपीएस चालतो, वायरलेस चालतो, दिवे चालतात. ह्याला काय जड आहे?" आणि ते दोन खलाशांना घेऊन जेट्टीकडे निघून गेले.

परत आले ते लाँचची भली मोठी बॅटरी दोघांच्या हातांत लटकावून. मासळीचा आणि डिझेलचा वास माजघरभर पसरला. मोबाइल चार्ज करायला लाँचवर ठेवलेला छोटा इन्व्हर्टर दिरांनी तिला जोडला. हवा ओलसर राहावी म्हणून मशीनमधलं पाणी गरम करायचं बटण असतं, ते मी बंद केलं, म्हणजे बॅटरी पुरेल. नवऱ्यानं पिन खोचली. मशीनवरचा हिरवा दिवा लागला आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मी सगळ्यांच्या देखत मास्क चढवला. नवरी मुलगी हळदीच्या पिवळ्या साडीची घडी मांडीवर घेऊन बसली होती. ती खुदकन हसली. "काकी, तू विमान चालवायला निघाल्यासारखी दिसतेस."

"निघालेच आहे," मी मास्कमधून म्हटलं, आणि चुलतसासूबाईंच्या शेजारच्या चटईवर आडवी झाले.

सकाळी जाग आली ती चुलतसासूबाईंच्या बोलण्यानं. त्या उठून बसल्या होत्या आणि पलीकडच्या बाईला विचारत होत्या, "ही रात्रीच घरी निघून गेली काय?"

"मी इथंच आहे हो," मी उठत म्हटलं. "तुमच्या शेजारी."

त्यांनी डोळे किलकिले करून मला न्याहाळलं. "मग तुझा आवाज कसा नाय आला?" थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आवाज येत तर होता. डोळ्याला डोळा लागला नाय माझा. कुणाचा गो तो?"

सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एकेक नजर हळूहळू कोपऱ्यातल्या चटईकडे वळली. जाऊबाई अंबाडा बांधत होत्या. त्यांचे हात तसेच डोक्यावर राहिले.

"मी? छे! काय तरीच!"

माजघरात हशा पिकला. जाऊबाईंचा चेहरा उतरला, आणि मला तो चेहरा चांगला ओळखीचा होता. मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि त्यांना चहाच्या निमित्तानं मागच्या पडवीत घेऊन आले.

"वहिनी, सकाळी उठल्यावर डोकं जड असतं का?"

त्यांनी चुलीत लाकूड पुढे सारलं. "असतं. रोजच. मला वाटायचं, वयच झालंय. दुपारी निवडायला बसले की सुपातच डुलते." मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तेव्हा तुझ्यावर मी पण हसले होते गो."

"जाऊ दे ते. लग्न उरकलं की रत्नागिरीला यायचं माझ्याकडे. डॉक्टरांची वेळ मी घेते. तुमचं नाक सरळही असेल, ऑपरेशन लागणारही नाही. पण बघून घ्यायचं."

"आणि मशीन लागलं तर?"

"तर लाँचची बॅटरी घरचीच आहे."

त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की वायरमनच्या मागे निघालेले दीर पडवीत डोकावले. त्यांना काही कळलं नाही, आणि आम्ही सांगितलंही नाही.

उन्हं वर यायच्या आत वीज आली. संध्याकाळी हळद लागली, मी नवरीच्या कोपरांना हळद चोळली, शंभरेक माणसांचं वाढप बघितलं. दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर मी मांडवात पहिल्या रांगेत बसले होते. मागच्या कित्येक लग्नांत मंगलाष्टकं सुरू झाली की माझे डोळे जड व्हायचे, मग टाळ्यांच्या आवाजानं दचकायची. या वेळी मी सगळी ऐकली. कुठल्या मामानं सूर सोडला, कुठली ओळ भटजींनी पुन्हा म्हणायला लावली, अंतरपाट खाली येताना पुतणीनं कसा श्वास रोखला, सगळं बघितलं.

पंगती उठल्या, पाठवणी झाली, रडणं झालं, आणि वाजतगाजत नवरीची गाडी वरच्या रस्त्यापर्यंत सोडायला सगळं गाव निघालं. ढोलवाले जोरात होते. जाऊबाई लेकीच्या गाडीकडे बघत कडेला उभ्या होत्या, पदर डोळ्यांना लावून. मी त्यांचा हात धरून ओढलं.

"अगो, मला नाचता येत नाही," त्या म्हणाल्या.

"मलाही नाही," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी ढोलासमोर गेलो. नवरा रस्त्याच्या कडेला उभा राहून टाळ्या वाजवत होता. चढाव होता, धूळ उडत होती, समुद्राकडून गार वारा येत होता. मी नाचत नाचत चढ चढले, तोंड मिटून, आणि वर पोचले तरी दम लागला नाही.